वाचकांचे प्रश्न : ध्येय लिहिण्याआधी तास मोजा

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की या सदराकडे विद्यार्थ्यांची पत्रं वाढतात. यंदा निवडलेली पाचही पत्रं अभ्यास, नेतृत्व किंवा समाजसेवा यांभोवती फिरतात. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची मुळं त्यात आहेत.

प्रश्न : मी भांडुपला राहते. सीएसएमटीजवळच्या कॉलेजात एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. एका शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘शैक्षणिक प्रगती, नेतृत्व आणि समाजसेवा यांबाबत पुढच्या दोन वर्षांची ध्येयं ३०० शब्दांत लिहा’ असं विचारलं आहे. मी लिहिलं, ‘उत्तम गुण मिळवीन, नेतृत्वगुण विकसित करीन, गरजूंना मदत करीन.’ मॅडम म्हणाल्या, “हे कुणीही लिहील. यात तू कुठे आहेस?” मग काय लिहू? आणि लिहिलेलं जमेल का?

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण जे जमणार नाही ते लिहिण्यात अर्थ नाही. आठवड्याचे तास १६८. रोज ७ तास झोप धरली तर ४९ गेले. कॉलेज सहा दिवस, रोज सहा तास, म्हणजे ३६. घरापासून वर्गापर्यंत जाऊन-येऊन अडीच तास धर, आठवड्याचे १५. आंघोळ, जेवण, घरकाम, पाणी भरणं यांचे रोज चार, म्हणजे २८. उरले ४०. त्यातले २० घरच्या अभ्यासाला हवेतच. राहिलेल्या वीसपैकी निम्मे आजारपण, पाहुणे, गणपती आणि रविवारचा मेगाब्लॉक यांत जातात, हे गृहीत धर. हातात दहा राहतात. तेही सगळे देऊ नकोस, चारच दे. वर्षात कॉलेजचे कामाचे आठवडे साधारण तीस असतात आणि चार गुणिले तीस म्हणजे १२० तास. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून वर्षाला नेमके १२० तासच अपेक्षित असतात, दोन वर्षांचे २४०. आठवडाभराचं शिबिर त्याशिवाय. म्हणजे चार तास ही लाज वाटावी अशी भेट नाही.

आता अभ्यास. ‘उत्तम गुण’ याऐवजी आकडा काढ. समजा पहिल्या दोन सेमिस्टरची सरासरी दहापैकी ७.२ आहे आणि सहाव्या सेमिस्टरअखेर ७.८ हवी आहे. सगळ्या सेमिस्टरची क्रेडिटं सारखी असतील तर उरलेल्या चारही सेमिस्टरना ८.१ लागतील. ८ हवी असेल तर ८.४ लागतील. हे गणित मांडल्यावर कळतं की जोर आत्ताच लावायचा आहे. शेवटच्या वर्षासाठी ठेवलं तर चार सेमिस्टरांवर पसरलेला भार दोनांवर येतो. मग विषयवार बघ की गुण नक्की कुठे गळतात. पुष्कळांचे लेखी परीक्षेत नव्हे, तर उशिरा दिलेल्या असाइनमेंटमध्ये, अपुऱ्या जर्नलमध्ये आणि ७५ टक्क्यांखाली गेलेल्या हजेरीत गळतात. तिथे बुद्धी लागत नाही, तारखा पाळाव्या लागतात. लेखीत गळत असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. आपल्याला येत असलेलं उत्तर आपण किती तोकडं लिहिलं होतं, ते लाल शाईशेजारी दिसतं. ग्रंथालयातून मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घे आणि दर पंधरा दिवसांनी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून लिही. लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण सकाळी वाचलेलं न बघता आठवता येतं. कुठे अडतंय हे त्यातच कळतं. पुन्हा पुन्हा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा समज होतो.

समाजसेवेसाठी मात्र तुझ्या विषयापासून दूर जाऊ नकोस. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना क्रेडिटं आहेत. तुझं काम त्यात बसतं का, हे विभागप्रमुखांना पहिल्याच महिन्यात विचार. बसलं तर तेच तास दोन्हीकडे धरले जातील आणि मार्गदर्शक शिक्षकही मिळतील.

भांडुपच्या मुलीला शोभेल असं एक काम सुचवतो. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तुमच्याच भांडुप संकुलात शुद्ध होतो. तिथून निघालेल्या पाण्यात क्लोरीन असतं, पण चाळीच्या किंवा सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला येईपर्यंत ते उरतं का? पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळं असलेलं क्लोरीन, शिल्लक असावं असा भारतीय मानकाचा निकष आहे. बारा चाळी किंवा इमारती निवड. प्रत्येक ठिकाणी तीन जागा ठरव : पालिकेचं पाणी आत येतं तो नळ, गच्चीवरच्या टाकीचा नळ, आणि सर्वांत लांबच्या घरातलं स्वयंपाकघर. एका फेरीत ३६ नमुने होतील. एका रविवारी दोनच ठिकाणं घेतलीस तर सहा रविवारांत एक फेरी संपते. एक फेरी पावसाळ्यात आणि एक उन्हाळ्याच्या तोंडावर कर.

आरोग्य कर्मचारी ज्याला ओटी टेस्ट म्हणतात ती ऑर्थोटोलिडिनची चाचणी. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं आणि त्याचा गडदपणा रंगपट्टीशी जुळवायचा असतो. तो ताबडतोब बघायचा. थांबलीस तर संयुक्त क्लोरीनचा, म्हणजे पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी आधीच जोडलं गेलेल्या क्लोरीनचा, रंगही त्यात चढतो आणि आकडा फुगतो. हे रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, त्यामुळे हातमोजे घाल आणि वापरलेलं पाणी बेसिनमध्ये नव्हे, तर वेगळ्या बाटलीत गोळा करून प्रयोगशाळेत परत आण. याच कामासाठी डीपीडी या दुसऱ्या रसायनाचं किट मिळत असेल तर तेच घे. त्यात रंग गुलाबी येतो.

या कामात सगळ्यांत जास्त होणारी चूक अशी : सकाळी सात वाजता नमुने भरायचे, बाटल्या पिशवीत घालून लोकलने कॉलेजला न्यायच्या आणि दुपारी प्रयोगशाळेत तपासायच्या. तोवर क्लोरीन उडून गेलेलं असतं, उन्हात तर आणखी लवकर. सगळीकडे शून्य येतं आणि सोसायटीत घबराट पसरते. क्लोरीनची चाचणी नळाशेजारी उभं राहूनच करायची. नळ आधी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा. पाणी यायच्या वेळा वस्तीवस्तीत वेगळ्या असतात, त्या आधी विचारून ठेव, नाहीतर रविवार फुकट जाईल. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मात्र नमुना कॉलेजात आणून मोजला तरी चालतो. त्यासाठीचं ईडीटीए या रसायनाचं टायट्रेशन तू प्रॅक्टिकलला करशीलच. बफरने पीएच १० च्या आसपास राखला नाही तर वाइनसारख्या लाल रंगातून निळ्यात होणारा बदल रेंगाळतो आणि शेवटचा बिंदू हुकतो.

निष्कर्ष जपून काढ. आत येणाऱ्या नळाला क्लोरीन आहे आणि टाकीच्या नळाला नाही, तर दोष टाकीचा आहे : झाकण उघडं, गाळ साचलेला किंवा पाणी फार वेळ पडून राहिलेलं. दोन्हीकडे नाही, तर प्रश्न पालिकेच्या वाहिनीकडे जातो आणि तारीख-वेळेसह वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्यावी लागते. ‘पाणी दूषित आहे’ असं मात्र लिहू नकोस. क्लोरीन नाही याचा अर्थ जंतू आहेत असा होत नाही. जंतूंची तपासणी वेगळी. तिला निर्जंतुक बाटली लागते, त्यात क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. ते काम प्रयोगशाळेवर सोड.

आणि नेतृत्व? ते या कामात आपोआप येतं. सहा जणींची टोळी, कोणत्या रविवारी कोण, किटचा खर्च, सेक्रेटरींची लेखी परवानगी, टाकी धुवून झाल्यावर पुन्हा तपासणी. एवढं सांभाळलंस तर वेगळं पद मिळवायची गरज नाही.

अर्जात मग असं लिहिता येईल : ‘पहिल्या वर्षाअखेर माझी सरासरी ७.२ आहे, पदवीअखेर ती ७.८ करायची आहे. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवते. सहा विद्यार्थिनींच्या गटासह भांडुपमधील बारा इमारतींत पिण्याच्या पाण्यातील मुक्त क्लोरीन वर्षातून दोनदा तपासणार आहे. ज्या टाक्यांत ते ०.२ पेक्षा कमी आढळेल, तिथे रहिवाशांकडून टाकी धुवून घेऊन पुन्हा तपासणी करू. टी. वाय.च्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये हे काम एफ. वाय. आणि एस. वाय.च्या मुलींकडे नोंदवहीसह सोपवीन.’ यात एकही पोकळ विशेषण नाही, आणि हा अर्ज दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही. तुझे खरे आकडे वेगळे असतील, ते घाल. आमचे उचलू नकोस. निवड समितीने मुलाखतीत “डीपीडी का?” असं विचारलं तर उत्तर तुलाच द्यायचं आहे.

प्रश्न : एफ. वाय. बी. कॉम.ला अकाउंट्समध्ये केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) नाव घातलं आहे. घरचे म्हणतात, सोडून दे. सोडू का?

उत्तर : सोडू नकोस, पण या सेमिस्टरला शिबिराच्या आयोजनात कोणतीही जबाबदारी घेऊ नकोस. कार्यक्रम अधिकाऱ्यांना केटीचं स्पष्ट सांग, ते ऐकून घेतात. लपवून गैरहजर राहणाऱ्यांवरच त्यांचा रोष असतो. अकाउंट्स वाचून सुटत नाही. रोज एक गणित, पूर्ण, फॉरमॅटसह, वहीत. ताळेबंद जुळला नाही तर उत्तर बघायच्या आधी फरकाला दोनाने भागून बघ, कारण एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक नेमका तिच्या दुप्पट येतो. फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ५४ च्या जागी ४५. सवलतीच्या गुणांच्या आशेवर एनएसएस करणार असशील तर मात्र घरच्यांचं ऐक.

प्रश्न : डिपार्टमेंटच्या फेस्टिव्हलची जबाबदारी माझ्याकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ७० जण आहेत, काम आम्ही चौघंच करतो. मेसेज टाकला की सगळे अंगठा देतात आणि येत कुणीच नाही. बहुतेक मला नेतृत्व जमत नाही.

उत्तर : नेतृत्वाचं नंतर बघू, आधी तुझा मेसेज बघू. ‘उद्या डेकोरेशनला कोण कोण येणार?’ हा प्रश्न सत्तर जणांना विचारला म्हणजे कुणालाच विचारला नाही. प्रत्येकाला वाटतं, उरलेले ६९ आहेत. काम लहान तुकड्यांत तोड आणि प्रत्येक तुकड्याला एकच नाव दे, दोन नाही. ‘हॉलच्या दोन माइकची व्यवस्था, शुक्रवारी चारपर्यंत, तू’, असं समोर उभं राहून सांगायचं आणि त्याच्याकडून होकार घ्यायचा. ग्रुपवर फक्त ठरलेलं टाकायचं. बैठक २५ मिनिटांची, उभ्याने झाली तरी चालेल. शेवटची पाच मिनिटं टिपण वाचण्यासाठी : कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. चर्चा काय झाली हे लिहिण्यात वेळ घालवू नये.

एफ. वाय.ची मुलं दुसऱ्या बैठकीनंतर का गळतात, याचा विचार कर. त्यांना फक्त खुर्च्या उचलायला ठेवलेलं असतं. नोंदणीचं टेबल पूर्ण त्यांच्याकडे दे : फॉर्म, सुटे पैसे, बिल्ले, संध्याकाळी आकडा जुळवणं. चूक होईल, ती सुधारायला तू शेजारी रहा. काम अख्खं हातात आलं की माणूस टिकतो. वीस जण हवे असतील तर अठ्ठावीस जणांना विचार. त्याच आठवड्यात कुणाची इंटर्नल असते, कुणाच्या घरी लग्न.

पैशांबाबत मात्र कडक रहा, कारण कॉलेजातली सगळ्यात वाईट भांडणं तिथूनच उठतात. वर्गणी किंवा स्पॉन्सरचे पैसे कुणाच्याही खासगी यूपीआयवर घ्यायचे नाहीत. स्वतःचे आणि कार्यक्रमाचे पैसे एका खात्यात मिसळले की प्रामाणिक मुलालाही हिशेब सिद्ध करता येत नाही. पैसे कॉलेजच्या खात्यात, बिल कॉलेजच्या नावाने, आणि प्रत्येक खर्चाच्या व्हाउचरवर दोन सह्या : खर्च करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. वडापाववाल्याकडे छापील पावती नसेल तर साध्या कागदावर तारीख, नग, दर आणि त्याची सही घे. रोज रात्री रोकड मोज, आठवड्याने मोजलेली कधीच जुळत नाही.

संपल्यावर आठ दिवसांत पुढच्या वर्षासाठी फाइल कर : कुणाला किती दिवस आधी पत्र दिलं, हॉल कसा मिळाला, मंडपवाल्याचा दर, काय उशिरा झालं. ती फाइल नसते म्हणून दर वर्षी सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

प्रश्न : आमच्या एनएसएस युनिटने या वर्षी एका दिवसात ५०० बाटल्या रक्त जमवायचं ठरवलं आहे. मागच्या वर्षी ३१० झाल्या होत्या. संख्या वाढवायला काय करावं?

उत्तर : तुमची तळमळ मोठी आहे, पण आमचं मत विचाराल तर ५०० चं लक्ष्य सोडा. लाल पेशी साठवणुकीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. एकाच दिवशी डोंगर जमला तर त्यातलं काही मुदत संपून टाकून द्यावं लागतं. आणि मे महिन्यात, दिवाळीच्या सुटीत, कॉलेजं बंद आणि लोक गावी गेलेले असताना, त्याच शहरात रुग्णाचे नातेवाईक रक्तदात्यासाठी वणवण फिरतात. थॅलेसेमियाच्या मुलांना तर ठरावीक आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुटी नसते. तेव्हा ३०० चंच लक्ष्य ठेवा, पण तीन शिबिरांत विभागून. एक शिबिर परीक्षा संपता संपता, सुटी लागायच्या आधी. तारीख स्वतः ठरवू नका. परवानाधारक रक्तकेंद्राला विचारा की त्यांना तुटवडा कधी भासतो.

आकडा खाटांवर ठरतो. दाता खाटेवर आठ-दहा मिनिटं असतो, पण झोपणं, पट्टी, उठणं धरून एका खाटेवर तासाला चारच होतात. सहा खाटा, पाच तास म्हणजे १२०. त्यापेक्षा जास्त मुलं बोलावलीत तर ती रांगेत उभी राहून लेक्चरला निघून जातील आणि पुन्हा कधी येणार नाहीत. प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ वाटून द्या.

वय किमान १८, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. ३५० मिलिलिटरची पिशवी ४५ किलोला चालते, ४५० ची ५५ च्या वरच्यांना. दोन रक्तदानांत मुलग्यांना ९० दिवसांचं आणि मुलींना १२० दिवसांचं अंतर हवं. म्हणजे तीन शिबिरं घेतलीत तरी तेच दाते लगोलग येऊ शकत नाहीत, त्यामुळे यादी तारखेसह ठेवा. उपाशीपोटी येणारे भोवळ येऊन पडतात. श्रावणी सोमवार, नवरात्र आणि रमजान टाळून तारीख धरा, आणि आदल्या संध्याकाळी ‘नाश्ता करून, भरपूर पाणी पिऊन या’ एवढा एकच निरोप पाठवा.

एक गोष्ट बहुतेक युनिटं विसरतात. हिमोग्लोबिन कमी म्हणून मुली मोठ्या संख्येने परत पाठवल्या जातात. त्यांना ‘रिजेक्ट’ म्हणू नका. आकडा चिठ्ठीवर लिहून हातात द्या आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. तीन महिन्यांनी त्यांची पुन्हा तपासणी ठेवलीत तर ते काम बाटल्यांइतकंच मोलाचं आहे.

प्रश्न : माझी मुलगी टी. वाय. बी. ए.ला आहे. दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाते. तिचं कौतुक आहे, पण परीक्षा आली की जाणं बंद होतं आणि मग तिलाच वाईट वाटतं. दुसरं काही करता येईल का?

उत्तर : ताई, तिला वाईट वाटतं ते बरोबरच आहे. महिनाभर बंद पडलेला वर्ग पुन्हा भरत नाही, मुलं दुसरीकडे रमतात. तिला हेच चालू ठेवायचं असेल तर दोन वेगवेगळ्या शाखांच्या मैत्रिणींनी जोडी करावी, म्हणजे परीक्षांच्या तारखा एकदम येणार नाहीत. एका शिक्षिकेमागे सहाच मुलं घ्यावीत. सुरुवातीला प्रत्येकाकडून दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचून घ्यावा आणि कुठे अडखळलं ते लिहून ठेवावं. इयत्ता चौथी असली तरी वाचन पहिलीचं असू शकतं, आणि इयत्तेप्रमाणे शिकवलं की ते मूल गप्प बसतं. पालकांची परवानगी घ्यावी, एकटीने जाऊ नये, मुलांचे फोटो कुठेही टाकू नयेत.

दुसरं काम हवं असेल तर अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हायला सांगा. मुंबईत याची मोठी गरज आहे. कॉलेजांतले अपंग सहाय्य कक्ष आणि वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड इथे चौकशी करता येईल. हे काम तारखेचं असतं, दर आठवड्याचं नाही, त्यामुळे आपली परीक्षा सांभाळून घेता येतं. लेखनिक साधारणपणे परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो, तेव्हा ती शाळेच्या आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी बसू शकेल का, हे त्या परीक्षेच्या नियमांत बघून घ्यावं. परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. तेवढा वेळ बसायची तयारी हवी.

प्रश्न दोनदा, सावकाश वाचायचा. गुण किती ते सांगायचं. उत्तर सांगितलं तसंच लिहायचं, वाक्य सुधारायचं नाही. विशेषनामाचं स्पेलिंग विचारायचं. दर अर्ध्या तासाने उरलेला वेळ सांगायचा. आकृती आणि गणिताची चिन्हं कशी बोलायची, हे परीक्षेआधी एकदा भेटून ठरवून घ्यायचं. आणि होकार दिल्यावर रद्द करायचं नाही. अगदीच ताप आला तर आदल्या रात्रीपर्यंत बदली माणूस स्वतः शोधून द्यायचा, त्याचं ओळखपत्र आणि फॉर्म सकाळी केंद्रावर पोचेल हे बघायचं. परीक्षार्थी वेळेवर येऊन बसलेला असतो आणि लेखनिक नसेल तर त्याचा पेपर कोराच राहतो.